मशीन थांबलं की पुन्हा सांगायचं

आधी आपांचं सांगते, मग माझं. आपा नांदेडला जुन्या गावातल्या एका बोळात राहतात आणि शिवणकाम करतात. माझी दहावी झाली ती त्यांच्यामुळं. त्या कुठल्या शाळेच्या बाई नव्हत्या, आणि या कामाचं त्यांना कोणी काही देतही नव्हतं. एवढं आधी लिहून ठेवलं म्हणजे पुढं माझ्या रडगाण्यात त्या हरवायच्या नाहीत.

मी औसा तालुक्यातली. भूकंप झाला तेव्हा सहावीत होते. आई आणि धाकटा भाऊ गेले. वडील पत्र्याच्या शेडपुढं नुसते बसून राहायचे, जेव म्हटलं तर जेवायचे. मावशी येऊन मला नांदेडला घेऊन गेली. चार महिने राहू दे, म्हणाली. शाळेचं नाव कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. त्या चार महिन्यांची सात-आठ वर्षं झाली.

मावशी एका मेसमध्ये पोळ्या करायची. मीही तिच्याबरोबर लाटायला लागले. तोवर गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. हिंगोलीहून, हदगावहून, कुठून कुठून पोरी डॉक्टर व्हायला येत होत्या आणि आमच्याकडं जेवत होत्या. माझ्याच वयाच्या. "ताई, एक पोळी," एवढं मला म्हणायच्या आणि आपसात रसायनशास्त्र बोलायच्या. अर्ध्या सुट्टीच्या दिवशी मी एसटी स्टँडवर जाऊन लातूर गाडीच्या फलाटावर बसायचे. गाडी लागायची, भरायची, निघून जायची. मी कधी चढले नाही. गाव दुसऱ्या जागी नवं बांधलेलं. वडिलांचा कधी निरोप आला नाही, मग तिथं उतरून कुणाच्या दारात जायचं, हेच ठरत नव्हतं.

मेसच्या मागं एका संस्थेचं केंद्र होतं, शाळा सुटलेल्या मुलींसाठी, दुपारी दोन ते चार. एका खोलीत शिवण, दुसऱ्या खोलीत दहावीची तयारी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचं. मी भीतभीतच नाव घातलं. सहा महिन्यांत शिकवणारे सर एका मोठ्या क्लासला लागले आणि संस्थेनं ती खोली बंद केली. आम्ही पाचजणी चपला घालत होतो, तेवढ्यात शिवण शिकवणाऱ्या आपा दारात आल्या.

"उद्यापासून माझ्या घरी या. मी मशीन चालवीन, तुम्ही मला शिकवा."

आम्हाला वाटलं, गंमत करून राहिल्या. पण त्यांची रीत तीच होती. फळा नाही, खडू नाही. त्या शिवत राहायच्या आणि आपण धडा त्यांना समजावून सांगायचा. समजलं तर मशीन चालू. नाही समजलं तर पाय थांबायचा, आणि त्या गप्प खोलीत बाकीच्या चौघी तुमच्याकडं बघायच्या.

"फिरसे बोल. पुस्तकासारखं नको, माणसासारखं बोल."

मला ते फार जड जायचं. मी दिवसचे दिवस कुणाशी बोललेली नसायची, सांगायचं कसं तेच विसरले होते. मग मी आपली एक सोपी वाट काढली. क्लासच्या पोरी सराव परीक्षेचे जुने पेपर मेसमध्ये टाकून जायच्या. त्यात दहावीचेही असायचे. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, शेवटच्या पानावर उत्तरं. पिठाच्या डब्यावर ठेवून मी ते सोडवायचे. पटापट जमायला लागलं. एकदा आपांनी काहीतरी विचारलं, मी म्हटलं, "त्याचं उत्तर ब."

मशीन थांबलं. "ब? ब काय ब्लाऊजला लावू मी?"

पोरी हसल्या. मला राग आला. हुशार पोरी असंच शिकतात, आपांना काय कळतंय, असं मनात आलं. आज ते लिहिताना लाज वाटते.

मार्चला परीक्षा झाली. 'कारणे द्या' असं छापलेलं होतं आणि उत्तरपत्रिकेवर नुसत्या रेघा. पर्याय नव्हते. समोर चार उत्तरं मांडली असती तर खरं कोणतं ते मी बोटानं दाखवलं असतं, पण माझं माझं एक वाक्य उभं राहीना. प्रत्येक प्रश्नापुढं एकेक शब्द लिहून मी बसून राहिले, घंटा होईपर्यंत. भूगोल आणि विज्ञान, दोन विषय गेले.

निकालानंतर आपांच्या बोळाकडं पाऊल वळेना. मावशी म्हणाली, "झालं न्हवं? लई झालं शिकणं. आता कणकीकडं बघ." ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला आठवडा उरला होता. मी भरला नसता. आता हे असंच चालणार, पोळपाट आणि एसटी स्टँड, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

एका दुपारी मेसच्या मागच्या दारात आपा उभ्या. हातात पिशवी, पिशवीत फॉल लावायची साडी.

"आठ दिवसांपासून मशीन इतकी छान चालून राहिली," म्हणाल्या, "एकदाबी थांबली न्हाई. मला काही करमून न्हाई राहिलं."

उपड्या घमेल्यावर बसल्या, सुई काढली. "जा, भूगोल आण." पुस्तक त्यांनीच उघडलं. मी नेहमी दोन पानं एकदम उलटायचे, नेमकं तिथं. "जमीन का हलते, सांग."

"भूपट्टांच्या हालचालीमुळे."

सुई थांबली.

मग मी सांगायला लागले. "आपा, खालची जमीन अखंड नाही. मोठमोठे तुकडे आहेत. एकमेकांना रेटत राहतात. रेटून रेटून कुठंतरी मोडतं."

"हौ. मग माणसं कशानं मरतात?"

"भिंतींनी. आमच्याकडं दगडमातीच्या भिंती, हात-हात जाड. वर माळवद. मातीचंच छत ते. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकायची. जुनी कोणी काढत नाही, ओझं वाढत जातं. त्या वर्षी आईनंच चढवली होती, टोपल्यानं. मी खालून भरून देत होते."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशीलाही नाही. सुई चालतच होती, एकसारखी, फॉलच्या कडेनं. माझं सांगून झालं तरी त्या काठ संपेपर्यंत टाके घालत राहिल्या. मग धागा दातानं तोडला.

"समजलं मला. हेच लिहायचं. उद्या दोनला ये."

फॉर्म भरला. ऑक्टोबरला दोन्ही विषय सुटले. पेढे घेऊन गेले तेव्हा मी म्हटलं, "आपा, तुम्ही मुद्दाम मशीन थांबवायच्या ना?" त्या उठल्या. मग ट्रंकेतून सातवीचा दाखला काढून दाखवला, उर्दू शाळेचा, घड्यांवर फाटलेला.

"मला खरंच समजत नव्हतं गं. तुला वाटलं, मी परीक्षा घेऊन राहिले? सातवीनंतर मला कुणी बसवलंच न्हाई. तुम्ही सांगायच्या, तेवढंच माझं शिकणं व्हायचं."

आता मी लातूरला मुलींच्या वसतिगृहात हजेरी घेते. पोरी हजर म्हणतात आणि पुस्तकात डोकं घालतात. इथून गाव जवळ आहे, पण रविवारी माझे पाय स्टँडवर नांदेडच्या फलाटाकडंच वळतात.

आपा, तुमचा सतरा नंबरचा फॉर्म एक दिवस मी भरणार. तो दाखला जपून ठेवा. शिवण काही मला तुमच्यासारखं आलं नाही, पण फॉल लावता येतो. मी फॉल घेऊन तुमच्यासमोर बसेन आणि धडा तुम्ही मला सांगायचा. समजलं नाही, तर मी हात थांबवीन.