मारुतीपुढचं डांगर

माझी लेक जेवत नव्हती. मुदतीचा ताप येऊन गेला, अंगातली आग निवली, पण भूक काही परत आली नाही. ताट समोर ठेवलं की सुमन भिंतीकडे तोंड फिरवायची. पेजेचं पाणी तेवढं पोटात जायचं, तेही मी बळजबरी केली तर. वैद्यबुवा म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता अन्न गेलं नाही तर पोर हाती लागायची नाही. सात-आठ वर्षांची मुलगी, उचलली तर कापसाच्या बोचक्यासारखी हलकी लागायची. सासूबाईंनी मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला. मी देवाला मानत होते, पण नवसाचं मला कधी पटलं नाही. "मारुतीले पोरीले जेवू घालायचं असंन तर तो रोडग्यायची वाट काऊन पाहीन?" असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुह्या जिभेले काई हाड हाय का व? गहू निवड."

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. आम्ही देवळीच्या पलीकडे एका खेड्यात राहत होतो. चैत्रातल्या पौर्णिमेला, मारुतीच्या जन्माच्या दिवशी, आसपासच्या गावांतल्या बैलबंड्या वर्धा नदीवर जमायच्या. नदीचं पाणी तोवर आटून एका कडेला गेलेलं असायचं आणि उरलेल्या पात्रात पांढरी वाळूच वाळू. त्या वाळूवर घरोघरच्या गोवऱ्या पेटायच्या, वांग्याच्या भाजीचा वास सुटायचा, पोरं पाण्यात धिंगाणा घालायची, म्हातारे बंडीखाली घोरायचे. फुटाणे-रेवडीवाला आरडाओरडा करत फिरायचा. काठावर शेंदूर फासलेला मारुती होता, त्याला देऊळ नव्हतं, नुसतं पिंपळाचं झाड. मला तो दिवस फार आवडायचा. देवासाठी म्हणून नव्हे, चूल घराबाहेर असायची म्हणून.

रोडगा म्हणजे मुठीएवढा कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजायचा. वरची राख झटकून फोडला की आत तूप ओतायचं आणि वरण, वांग्याची भाजी घेऊन पळसाच्या पानावर खायचा. त्याला पीठ जाडं लागतं. पोळीचं बारीक पीठ घेतलं तर वरून दगड होतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून मी जात्यावर वेगळं जाडं पीठ काढून पिशवीत भरून खुंटीला टांगलं होतं. शेजारच्या खुंटीला पोळीच्या पिठाची पिशवी. बंडी भरली सुमनच्या बाबांनी. पुढचं सांगायला नको.

वाळूवर पिशवी सोडली आणि सासूबाई लेकावर कडाडल्या, "डोये काय बैलायच्या खुराकात टाकले का रे? हे पोयीचं पीठ हाय!"

"पीठ पीठच असते, बुढे," ते म्हणाले.

"मंग राख खाय. ते बी पिठासारखीच दिसते."

शेजारच्या चुलीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्याच पिठाचे रोडगे केले. व्हायचं तेच झालं. फोडला तर आत पांढरा लगदा. कच्चं देवाला कसं दाखवायचं? नवसाच्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या कोणी काही तोंडात घालायचं नाही, असा आमच्याकडे नेम. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी नवऱ्याकडे असं पाहिलं की ते "गोवऱ्या पाहून येतो" म्हणून उठलेच. घाईत बैल बांधायचा विसरले.

थोड्या वेळानं एक बाई ओरडत आली. वाळूत तिची डांगरवाडी होती. उन्हाळ्यात नदी आटली की ढिवर लोक, नदीवर मासे धरणारे, पात्रात डांगराचे, म्हणजे खरबुजाचे वेल लावायचे. काळीसावळी, लुगड्याचा काष्टा मारलेली, कमरेवर पिकल्या डांगरांची टोपली.

"हा बैल कोणाचा हाय व? माह्या वेली चरून राह्यला! देवाले आले का माही वाडी चाराले?"

"आमचाच हाय, बाई," मी म्हटलं. "त्याचा मालक बी तसाच हाय."

तिला हसू आलं. मग तिनं फुटलेला रोडगा पाहिला आणि आणखीच हसली. "हा तं डोक्यात घालाच्या कामाचा हाय!"

तेवढ्यात बंडीतून आवाज आला, "माय, ते पिवळं मले दे." सुमन टोपलीतल्या डांगराकडे बोट दाखवत होती. वास तिच्यापर्यंत गेला होता. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. माझा हात पुढे झाला, तर सासूबाईंनी तो धरला. "निवद व्हाचा हाय अजून. नवस मोडन, पोरीच्याच जिवावर येईन." त्या दुष्ट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. आणि खरं सांगते, तेव्हा मीही घाबरले. नवस न मानणारी मी, पण लेकीच्या जिवाचं नाव निघालं आणि माझा हात तिथंच थांबला. उशीर केला तर तिचं मन पुन्हा फिरेल, हेही कळत होतं.

त्या बाईनं आम्हा दोघींकडे पाहिलं. कमरेचा विळा काढून डांगर चिरलं. एक फोड घेऊन सरळ मारुतीपुढे गेली, ठेवली, हात जोडले आणि परत आली. "झाला निवद. माह्या घरच्या मारुतीले रोज हेच भेटते. त्यानं मले कधी रोडगा नाई मागतला." सासूबाईंच्या हातात दुसरी फोड देत म्हणाली, "घे आजी, तूच भरव नातीले."

सासूबाई क्षणभर मारुतीकडे पाहत राहिल्या. मग बंडीपाशी गेल्या. सुमननं ती फोड खाल्ली, सालीपर्यंत खरवडून खाल्ली, रस कोपरापर्यंत ओघळला. दुसरी मागितली. मग रुसून म्हणाली, "अन् रोडगा?" आम्ही सगळ्या इतक्या हसलो की तिला राग आला. पुन्हा आरात लोटून भाजलेल्या रोडग्याचा मऊ तुकडा तिनं तुपात बुडवून खाल्ला. त्या दिवसापासून पोर खाऊ लागली.

गावातल्या बायका म्हणाल्या, ती साक्षात देवी होती. काही देवी नव्हती. जाताना तिनं वेलींची भरपाई म्हणून आमची अर्धी वांगी उचलली. पुढच्या चैत्रात तिथंच भेटली, आणि "जाड्या पिठाचे आणले ना व आता?" म्हणून पहिला रोडगा मागून घेतला. मी आधी मारुतीला दाखवला, मग तिला दिला.

आता वर्ध्याला नालवाडीत लेकाच्या घरी बसून विचार करते. आम्ही सगळं नीट ठरवलं होतं, आणि ठरवल्याप्रमाणे एकही गोष्ट झाली नाही. बरोबर पिशवी आली असती, बैल बांधलेला असता, तर ती टोपली आमच्या चुलीपाशी आलीच नसती. मी अजूनही नवस बोलत नाही. पण काही बिघडलं की आधीसारखी आदळआपट करत नाही. हात जोडते आणि पुढे काय येतं ते पाहते. सुमनची नातवंडं आली की डांगर चिरते. पहिली फोड मारुतीची.