न फाटणारं मेनूकार्ड

पक्केकाकांच्या छापखान्यात नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीच्या आधी मेनूकार्ड मिळे. "फाडा," काका फर्मावत. गिऱ्हाईक ओशाळून कोपरा ओढे. "अहो, जेवला नाहीत का? जोर लावा!" मग ते कार्ड चहात बुडवायचं, तेलकट हातांनी चुरगळायचं, फडक्याने पुसायचं आणि परत भिंतीवर टांगायचं. प्लास्टिकच्या कागदावर रंग असे उतरत, की पोट भरलेल्या माणसानेही पुन्हा काहीतरी मागवावं. या पक्क्या कामापायी त्यांचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. काकू मात्र कपाळावर हात मारत. "एकदा छापलं की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. असा धंदा करणारा जगात हा एकच!"

त्यामुळे कोपऱ्यावरचा हॉटेलमालक परत आला तेव्हा काकूंना आनंद झाला. मालकाच्या नाकाचा शेंडा मात्र लाल होता. त्याची थोरली बहीण, ताई, हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळायची. मिठावरून दोघांचं वाजलं आणि ती झारा आपटून घरी निघून गेली. आता नवा आचारी आला होता. पण काकांनी छापलेल्या कार्डाच्या पहिल्याच पानावर ताई हातात पातेलं धरून हसत होती आणि खाली ठसठशीत अक्षरं होती, 'ताईच्या हातची मासळी'. येणारा-जाणारा विचारी, "ताई कुठंय?"

"चिकटपट्टी लावली तर सुटते, मार्कर फिरवला तर पुसला जातो," मालक करवादला. "हात टेकले मी! ताईशिवायचं नवीन छापा, नाहीतर समोरच्या दुकानात जातो. आणि ही जुनी सगळी कार्डं घ्या आणि कापून टाका."

काकांनी कार्डावरून हात फिरवला. आयुष्यातलं ते त्यांचं सर्वांत देखणं काम. मासळीचा तो तांबूस रंग जमेपर्यंत घरात दुसरं काही शिजलं नव्हतं. "उद्या बघू," असं पुटपुटत त्यांनी एक कार्ड काखेत मारलं आणि ताईचं घर गाठलं.

"परत आलेलं गिऱ्हाईक घालवू नका!" काकू मागून ओरडल्या, पण ऐकतंय कोण.

कार्ड पाहताच ताईचा पारा चढला. "त्याने पाठवलं का तुम्हाला?" तिने ते दोन्ही हातांनी ओढलं, पिळलं, पायाखाली धरून खेचलं. शेवटी कोपरा दातांत धरला. कार्डाची दातांनी परीक्षा काकांनी कधी घेतली नव्हती. ते कौतुकाने बघत राहिले.

"मेलं फाटत का नाही हे?" ताई धापा टाकत म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

"फाटणार नाही, ताई. पण कात्रीने चर्रकन कापलं जातं. तुमच्या भावाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गल्ल्यावर पार्सलच्या पिशव्या कापायची कात्री पडलेली असते त्याच्या. पण एकाही कार्डाला लावली नाही हो त्याने. ते पाप माझ्या गळ्यात मारायला आला."

ताईचं हसू थांबलं. तिने चावलेला कोपरा हाताने पुसला.

"जेवतो का नीट?"

"नव्या आचाऱ्याच्या हातचं? तोंड पाडून."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई हॉटेलच्या चुलीपाशी उभी होती. काकाही हजर होते. त्यांना निमित्त लागत नसे. मालकाने मासळीचा घास घेतला. त्याचे डोळे भरून आले. सगळं स्वयंपाकघर त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

ताईने ते दातांच्या खुणांचं कार्ड उचललं आणि त्याच्या टाळक्यात हाणलं. मालक डोकं चोळत हसायला लागला, ताईने डोळ्यांना हात लावला. काका धावले. भांडण सोडवायला आले असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी ताईच्या हातातून कार्ड काढून घेतलं, खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"काही झालं नाही," ते सगळ्यांना म्हणाले.