वच्छलाबाईंचं गाणं बेवारस नव्हतं

कामरगावच्या वच्छलाबाईंनी उभी हयात लोकांच्या वावरात निंदण केलं आणि निंदता निंदता गाणी रचली. शिक्षण चौथीपर्यंत. पण बुद्धविहारात बाई गायला उभी राहिली की माणसं आपसूक ताल धरायची. 'पाटी घे वं लेकी, इळा ठेव धुऱ्यावर', म्हणजे विळा बांधावर ठेव आणि शाळेत जा, हे त्यांचं गाणं तर शेजारच्या धनज गावापर्यंत पोचलेलं. थोरली लेक शाळेत जायचं नाही म्हणून रडली, त्या दिवशी ते सुचलं होतं.

ती लेक, नीलिमा, आता शिक्षिका आहे. यंदा जयंतीला तिनं आईचं गाणं मोबाइलवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब! त्याच्या जागी सूचना: हे गाणं अमुक संगीत कंपनीच्या मालकीचं आहे, तुम्ही कॉपीराइटचा भंग केला आहे.

"म्हंजे मी चोट्टी?" वच्छलाबाई म्हणाल्या.

नीलिमानं कंपनीचा व्हिडिओ शोधून लावला. शहरातली कोणी गायिका, झगमगाट, पण शब्द तेच, चाल तीच. गीतकार म्हणून लिहिलं होतं, 'पारंपरिक'. व्हिडिओच्या साइटवरल्या यंत्रानं दोन्ही गाणी जुळवली आणि ज्याची नोंद आधी त्याला मालक ठरवून टाकलं.

"पारंपरिक म्हंजे काय वं?"

"कोनं रचलं ते मालूम नाई, असं."

"मी जित्ती बसून राह्यली ना इथं! कामरगावात येऊन इचारलं असतं, तं कोनंबी घर दाखवलं असतं. आमचं गानं काय बेवारस ढोर हाय, हाकललं अन् नेलं?"

नवरा दौलतराव एरवी अबोल माणूस. ते उठले आणि पेटीतून विहारातल्या कार्यक्रमाची अठ्ठावीस वर्षांपूर्वीची कॅसेट काढून लेकीच्या हातात दिली. सोबत वच्छलाबाईंची वही, पानावर तारीख. कारंजाच्या वकिलानं सांगितलं, गाणं रचलं तेव्हाच हक्क रचणाऱ्याचा झाला. नोंदणी नसली तरी. मग साइटकडे रीतसर हरकत गेली; आता ठरल्या मुदतीत कोर्टात जाणं कंपनीवर होतं.

आता कंपनीचा फोन आला. आवाज मधाळ. "मावशी, तुमचं नाव टाकतो की! फक्त एक कागद पाठवलाय, त्यावर सही करा."

नीलिमानं मोबाइलवर आलेला कागद फोन चालू असतानाच वाचला. या गाण्यासह त्यांची सगळी गाणी, सगळ्या माध्यमांत, कायमची कंपनीची.

वच्छलाबाईंच्या कपाळाची शीर ताठ झाली. "सही कराले शिकली ते कोनी फसवू नाई म्हनून. ठेव तो फोन!"

मुदत उलटली, कंपनी कोर्टात गेलीच नाही, आणि आईचा व्हिडिओ परत आला. मग नीलिमानं उलट तक्रार केली. सव्वा महिन्यानं कंपनीचा व्हिडिओ उतरला. माफीचा एक शब्द नाही. तोवर त्याच्या नकला भलत्याच लोकांनी जागोजाग टाकल्या होत्या, सगळीकडे 'पारंपरिक'.

"किती जनाच्या मागं लागावं, आई?" नीलिमा थकून म्हणाली.

"एकेकाच्या. त्याहिले लाज नाई, तं आपून काहून लाजावं?"

नीलिमानं पुढची तक्रार उघडली. वच्छलाबाई शेजारी बसल्या आणि एकेक अक्षर नीट पडतंय ना, ते बघू लागल्या.