शेवटून दुसरा आकडा

"माहीत नाही" हे शब्द टेलरमास्तरांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मास्तर टेप न लावताच माप सांगायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. नाही निघालं, तर गिऱ्हाईक मधल्या काळात सुटलेलं असायचं. साठी उलटल्यावर "आता कंटाळा आला" म्हणत त्यांनी दुकान सुनेच्या हवाली केलं आणि एकट्यानेच डोंगर चढायला सुरुवात केली. परगावी नोकरीला असलेल्या मुलाने हातात मावणारं जीपीएस आणून दिलं. आपण कुठे आहोत ते त्याच्या पडद्यावर आकड्यांत दिसायचं. मास्तर ते गळ्यात अडकवून मिरवायचे.

त्या दुपारी धुकं उतरलं आणि ओल्या खडकावरून त्यांचा पाय सटकला. घसरत ते घळीच्या तळाशी आले. उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. यंत्र शाबूत होतं, पण ते कुणाला काही कळवणाऱ्यातलं नव्हतं. खिशातल्या साध्या बटणांच्या फोनला जेमतेम रेंज होती. त्यांनी दुकानात फोन लावला.

"सूनबाई, घाबरू नकोस. जरा पडलोय."

"यंत्रावरचे आकडे वाचा, बाबा. सगळे."

धुक्याच्या पांढऱ्या उजेडात आकडे दुधात बुडाल्यासारखे दिसत होते. मास्तरांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवले. सुनेने ते बचाव पथकाला कळवले.

मास्तर वाट बघत बसले. शर्ट पाठीला गार चिकटला होता. त्यांनी खिशातली शिट्टी काढून वाजवून पाहिली, एकदा, मग पुन्हा पुन्हा. कुणाचीच हाक आली नाही. उजेड उतरायला लागला तेव्हा फोन वाजला.

"बाबा, ती माणसं तुम्ही सांगितलेल्या जागी पोचलीत. पलीकडच्या उतारावर. तिथे कुणीच नाही."

"मग त्यांचंच काहीतरी चुकलं असणार. मी नीट वाचलंय."

"पुन्हा वाचा."

त्यांनी वाचलं. तिने ते मघाच्या आकड्यांशी ताडून पाहिले.

"मघाशी शेवटून दुसरा तीन होता. आता आठ म्हणताय. तुम्हाला दिसत नाहीये ना?"

"काहीतरीच काय. चष्मा आहे की डोळ्यावर."

"दुकान सोडण्याआधी तुम्ही केलेली काजं मी वर्षभर उसवून पुन्हा घालत होते, बाबा. तुम्ही जेवायला घरी गेलात की. तुम्हाला कळू दिलं नाही. आता वाद घालायला वेळ नाही. जो आकडा दिसेल तोच सांगा. नसेल दिसत तर नाही म्हणा. अंदाज नको."

मास्तरांचे कान तापले. पाय मेला ठणकत होता, पण हे जास्त लागलं. तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची सूचना फोनमध्ये टुणकन वाजली.

"जॅकेट डोक्यावर ओढा आणि यंत्राचा दिवा मोठा करा," ती म्हणाली.

अंधारात आकडे थोडे सावरले. ते एकेक करून वाचू लागले. शेवटून दुसऱ्यापाशी आले आणि थांबले. काहीतरी गोल होतं. त्यापुढे काही कळेना.

"दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

"बरं. पुढचा?"

"शून्य. तो नक्की."

ती कॉम्प्युटरवरच्या नकाशात एकेक आकडा घालून बघत होती. "तीन तर नाहीच. आठ धरला तर तुम्ही तलावाच्या मधोमध आहात. पाण्यात आहात का?"

"नाही गं."

"मग सहा. कड्याखाली घळ आहे. ओढा ऐकू येतोय?"

"येतोय. डावीकडे."

"तिथेच राहा. मी त्यांना..."

फोन बंद पडला. तिने नक्की काय ऐकलं, पथकाला काय सांगितलं, हे कळायला आता काही मार्ग नव्हता. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि छाती दुखेपर्यंत वाजवली. समोरचा हात दिसेनासा झाला. ओठ बधिर झाले, तरी ते वाजवत राहिले. मग वरून दगड गडगडत आला, आणि त्यामागून एक हाक.

स्ट्रेचर खाली गाडीरस्त्याशी आलं तेव्हा सून तिथे उभी होती. अंगावर दुकानातलाच ॲप्रन, त्यात टाचण्या तशाच. तिने आपली शाल काढून त्यांच्या अंगावर घातली.

"डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन कर उद्या," मास्तर म्हणाले.

"आधी पाय," ती म्हणाली आणि त्यांच्याबरोबर गाडीत चढली.