पायथ्याचं घर

बाबांना छापखान्यात सगळे 'झाडूवाले' म्हणायचे. निसर्गदृश्यांच्या कॅलेंडरसाठी फोटो आले की त्यांतल्या विजेच्या तारा, प्लास्टिक, वाळलेली झाडं पुसायची आणि तिथे हिरवळ भरायची, हे त्यांचं काम. दिवसभर संगणकापुढे बसून मान धरायची, डोळ्यांचं तर विचारूच नका. "लोकांना भिंतीवर कचरा नको असतो गं," म्हणायचे. मग तीच माणसं खऱ्या डोंगरावर जाऊन नाकं मुरडायची. मला याची चीड यायची. बाबांच्या अंगात चिडण्याइतकंही त्राण उरलेलं नसायचं.

आत्याचं घर डोंगराच्या पायथ्याशी, एकटंच. दगडखाण सरकत सरकत तिच्या कुंपणाला भिडली. खाणवाले म्हणाले, हे घर खाणीनंतर बांधलंय, अतिक्रमण आहे, पाडा. घर आधीचं ठरलं तरच ते वाचणार होतं, आणि आत्याचे कागद कधीच वाळवीच्या पोटात गेले होते.

सुनावणीत खाणवाल्यांनी साहेबांपुढे एक जुनं कॅलेंडर ठेवलं, खाण सुरू होण्याआधीचं. हिरवागार पायथा. घराचा मागमूस नाही.

बाबा उठले. "साहेब, घर होतं. मीच पुसलंय ते."

"मग मूळ फोटो दाखवा."

"तो नाही राहत. साफ केला की त्याच्यावरच सेव्ह करतो आम्ही. जागा पुरत नाही."

साहेबांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं. "पुसल्याची खूण तर कुठेच नाही," ते म्हणाले आणि त्यांनी घर पाडायचा आदेश लिहायला घेतला. छापखान्यात बाबांना याच वाक्याची शाबासकी मिळायची. आपलेच दात नि आपलेच ओठ, मी भांडणार कुणाशी? रडू मात्र आलं.

आत्यानं कॅलेंडर जवळ ओढलं.

"कुठे होतं रे, दादा?"

बाबांनी गवतावर बोट ठेवलं.

"माझं आहे, हे माहीत होतं ना तुला?"

"होतं. पत्रा फार चमकत होता. आणि त्या दिवशी ढीगभर फोटो उरकायचे होते."

आत्या त्या गवताकडे बघत राहिली.

"छान दिसतंय रे," ती म्हणाली. "खरंच, छान दिसतंय."