सदर कुत्रा

गोंदियातल्या आमच्या गल्लीतले हे निवृत्त बाबू घरीही अर्जाच्याच भाषेत बोलतात. समोरच्या मॅडमच्या पिटबुलविरुद्ध त्यांनी अर्ज लिहिला: "सदर कुत्रा हिंस्र आहे." सदर कुत्रा पोस्टमनपुढे पोट वर करून लोळतो आणि मांजरीला भिऊन पलंगाखाली शिरतो.

"नाटक करून राहिला तो. तुम्ही कायले फसता?" बाबू म्हणाले. आम्ही सह्या ठोकल्या.

परवा बाबू स्कूटीवरून पडले. आम्ही सहीवाले आपापल्या फाटकातून हळहळलो. धावला एकटा पिटबुल, आणि त्यांचा फुटलेला गुडघा चाटत बसला.

संध्याकाळी बाबूंनी अर्ज बाहेर काढला. वाटलं, फाडतात. त्यांनी शांतपणे एक ओळ वाढवली: "सदर कुत्र्याला रक्ताची चटक लागली आहे."

आम्ही पुन्हा सह्या केल्या. शेजारधर्म आहे शेवटी.