हाय आणि नाय

त्या इंग्रजी गाण्याच्या व्हिडिओत पाणी नसलेला पोहण्याचा तलाव आहे. निळ्या फरशांच्या त्या खड्ड्यात चौघे जण लाल टाय लावून उड्या मारतात. वर पांढरे पडदे उडत राहतात. ते कुणी लावले, कशासाठी, देव जाणे. गळ्यात कीबोर्ड अडकवलेला एक जण तर अख्खं गाणं झोपेत चालल्यासारखा फिरतो. ड्रम मात्र पहिल्या ठोक्यापासून सुसाट. ऐंशीच्या दशकातल्या त्या न्यू वेव्ह पॉप संगीतातलं दुसरं काही मला फारसं आवडलं नाही, पण हे गाणं शाळेपासून डोक्यात ठाण मांडून बसलंय.

आई उरणजवळच्या मोरा बंदरातली, कोळ्यांच्या घरातली. लग्न होऊन पनवेलला आली, पण बोली तीच राहिली. गाण्यात गायक ताणून 'हाय' म्हणतो आणि मागून साथ देणाऱ्या बायका 'नाय' असं काहीसं उत्तर देतात. पहिल्यांदा ऐकून आई म्हणाली, "तो बोलतंय हाय, त्या बोलतान नाय. कवा मिटल यांचा भांडान?"

मी इंग्रजी शाळेतली शहाणी. "अगं आई, ते हाय म्हणजे उंच!"

"उंच हाय ना? मंग!"

मला तिची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी हे गाणं लावायचेच नाही.

यंदा आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. चित्रांची कार्डं दाखवून बोलतं करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी रोज घर, आंबा, मासा दाखवायचे. ती भिंतीकडे तोंड फिरवायची. तीन महिने एक शब्द नाही. परवा दुपारी मी कार्डं भिरकावली, मग स्वतःचाच राग आला. टीव्हीवर ते गाणं लावलं आणि भाकऱ्या थापायला गेले.

गायकाने 'हाय' ताणलं. बाहेरच्या खोलीतून जाड, अडखळता आवाज आला, "नाय."

पिठाच्या हातांनी धावले. आई पडद्यावरच्या उडत्या पडद्यांकडे बघत होती, तोंडाची एक बाजू हसत होती. या वेळी मी तिला सुधारलं नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, तिच्या शेजारी बसले आणि गायकाच्या आधीच ओरडले, "हाय!"

"नाय," आई म्हणाली.

हे भांडण कधीच मिटू नये, असं वाटलं.